घट्ट, चिकट माल साध्या लॅबमध्ये वाळवायचा कसा

घट्ट चिकट माल दोन दिवस ओव्हनमध्ये ठेवूनही बोटाला लागतोच, मग माणूस वैतागून तापमान ६० वरून ८०, ८० वरून १०५ असं चढवत जातो आणि शेवटी हातात येतो तो बाहेरून करपलेला, आतून अजून ओलाच असलेला काळपट गोळा. वनस्पतीचा अर्क असो, साखरेचा पाक असो, पॉलिमर असो, डिंक असो की टाकीतला गाळ, रडगाणं सगळीकडे तेच. फ्रीझ ड्रायर किंवा स्प्रे ड्रायर हाताशी असेल तर बरंच सोपं जातं, पण ते नाहीये असं धरूनच हे लिहिलंय. म्हणजे एक साधा हॉट एअर ओव्हन, वॉटर बाथ, डेसिकेटर (तळाशी ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेलं बंद काचेचं भांडं), नळाच्या पाण्यावर चालणारा, हवा ओढून घेणारा अ‍ॅस्पिरेटर नाहीतर छोटा डायफ्राम पंप, नशीब असेल तर रोटाव्हॅप (व्हॅक्यूममध्ये फ्लास्क फिरवत द्रव उडवणारं यंत्र) आणि व्हॅक्यूम ओव्हन, आणि एक चांगला तराजू. एवढ्यात बहुतेक कामं निघतात. तराजूच्या बाबतीत मात्र तडजोड नको.

आधी माल का वाळत नाही ते बघू. पाणी उडतं ते वरच्या पृष्ठभागावरून, आणि आतलं पाणी त्या पृष्ठभागापर्यंत यायला अख्ख्या थरातून वाट काढत येतं. घट्ट माल जसजसा वाळतो तसतसा अजून घट्ट होतो, म्हणजे ती वाट आणखी अवघड होत जाते. थरातून वर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १० मिमी जाड थराला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्यात २ मिमीचा थर वाळतो. तापमान दहा-वीस अंश वाढवून एवढा फरक मिळत नाही, उलट जोरात उष्णता दिली की दुधावर साय धरावी तशी वर घट्ट कातडी धरते आणि खालचं पाणी आतच अडकतं. म्हणून ओव्हनच्या नॉबला हात लावण्याआधी थर पातळ करता येतो का, पृष्ठभाग वाढवता येतो का ते बघायचं. खाली जे जे उपाय दिलेत ते जवळपास सगळे याच एका गोष्टीचे वेगवेगळे प्रकार आहेत.

दुसरं म्हणजे चिकट असणं आणि ओलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यावरून सगळ्यात जास्त घोळ होतो. ज्या पदार्थांचे स्फटिक होत नाहीत ते एका ठराविक तापमानाच्या खाली काचेसारखे कडक आणि ठिसूळ असतात, त्याच्या वर गेले की मऊ, रबरासारखे, आणि अजून थोडं वर गेलं की चिकट. त्या ठराविक तापमानाला ग्लास ट्रान्झिशनचं तापमान म्हणतात. कोरड्या सुक्रोजचं ते ६० अंशांच्या वर आहे, ग्लुकोजचं ३१ च्या आसपास, फ्रुक्टोजचं तर जेमतेम ५ अंश. म्हणजे फ्रुक्टोज भरपूर असलेला अर्क तुम्ही अगदी कोरडा ठाक केलात तरी खोलीच्या तापमानाला तो चिकटच राहणार, त्यात तुमची काही चूक नाही आणि ओव्हनचीही नाही. वर पाणी हे तापमान आणखी खाली ओढतं, त्यामुळे थोडासा ओलावा राहिला तरी माल लगेच मऊ पडतो. सांगायचा मुद्दा, बोट लावून वाळलं की नाही ते ठरवू नका, वजनावरून ठरवा.

मग स्वतःला विचारा की मला नक्की काय हवंय. यात पाणी किती आहे हा आकडा हवाय, की पुढच्या कामाला वापरायला मालच हवाय? आकडा हवा असेल तर माल वाया गेला तरी चालतो, त्यात वाळू कालवा नाहीतर काही करा. माल हवा असेल तर तो बिघडू न देणं पहिलं, कोरडेपणा नंतर. दोन्ही एकाच बीकरमध्ये, एकाच वेळी करायला गेलात की ना धड आकडा मिळत ना धड माल.

आकडा हवा असेल तर वाळू घ्या

ही खूप जुनी पद्धत आहे आणि माझ्या मते साध्या लॅबसाठी हिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही. काकवी, सिरप, कंडेन्स्ड मिल्क, घट्ट अर्क, सगळ्याला चालते. वाळू म्हणजे बारीक क्वार्ट्झची, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने धुतलेली, मग अ‍ॅसिड पूर्ण जाईपर्यंत पाण्याने धुतलेली आणि मफल फर्नेसमध्ये (जास्त तापमानाच्या भट्टीत) ५०० ते ६०० अंशाला भाजून घेतलेली. तयारही मिळते. बांधकामाची वाळू तशीच उचलून आणू नका, तिच्यात कार्बोनेट असतं, सेंद्रिय कचरा असतो, सगळं तुमच्या वजनात घुसतं.

झाकणवाली चपटी डिश घ्या, ५५-६० मिमी रुंद, तिच्यात २५-३० ग्रॅम वाळू आणि झाकण लागेल एवढी आखूड काचेची कांडी. हे सगळं एकत्र ओव्हनमध्ये वाळवा, डेसिकेटरमध्ये गार करा आणि एकत्रच वजन करा. ही कांडी आता शेवटपर्यंत डिशमधून बाहेर येणार नाही, कारण चिकट मालाचा बऱ्यापैकी भाग तिलाच लागलेला असतो, ती बाजूला ठेवली की संपला तुमचा आकडा. मग त्यात एवढाच नमुना घाला की शेवटी कोरडा भाग ग्रॅमभर उरेल, वजन करा, दोन-चार मिली गरम पाणी घाला आणि कांडीने नीट कालवा. हो, वाळवायचंय तरी पाणीच घालायचं, कारण घट्ट माल नुसता वाळूत घातला तर त्याच्या गोळ्या होतात आणि पातळ केला तर तो प्रत्येक कणावर पसरतो. आता वॉटर बाथवर ठेवा आणि अधूनमधून ढवळत राहा. आधी ओला लगदा दिसेल, मग कांडीला जड लागायला लागेल, मग एका क्षणी वाळू सुटी होऊन भुसभुशीत सरकायला लागते. तिथे थांबा आणि डिश व्हॅक्यूम ओव्हनमध्ये हलवा, ७० अंश आणि ५० मिमी पाऱ्याच्या खाली दाब, म्हणजे साधारण ६७ मिलिबारच्या आत.

७० च का, तर फ्रुक्टोज त्याच्या वर मोडायला लागतो. व्हॅक्यूम नाही म्हणून साध्या ओव्हनमध्ये १०५ अंशाला ठेवलंत तर साखर फुटून त्यातूनच पाणी तयार होत राहतं, तराजू ते पाणी ओलावा म्हणूनच मोजतो, आणि वजन थांबायचं नावच घेत नाही, रोज थोडं थोडं कमीच. असं दिसलं की समजायचं की वाळवणं संपलंय आणि जळणं सुरू झालंय. साखर नसलेल्या, उष्णता सोसणाऱ्या मालाला मात्र १०५ बिनधास्त चालतं.

हिशोब असा. समजा डिश, वाळू, कांडी, झाकण मिळून ६८.४१२० ग्रॅम. नमुना घातल्यावर ७०.४३६०, म्हणजे नमुना २.०२४० ग्रॅम. वाळवून गार केल्यावर ७०.०२१०. परत दोन तास ठेवलं तर ७०.०२०४. लागोपाठच्या दोन वजनांत दर ग्रॅम नमुन्यामागे ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक नसेल तर वजन स्थिर झालं असं धरतात, इथे २ ग्रॅमला १ मिलिग्रॅमची मुभा आहे आणि फरक ०.६ चाच आहे, म्हणजे झालं. घट ०.४१५६ ग्रॅम, ओलावा २०.५ टक्के. आणि गरम डिश कधीच तराजूवर ठेवू नका, गरम हवा वर चढते आणि वजन कमी दाखवतं, शिवाय आकडा नाचत राहतो तो वेगळाच.

हॅलोजन दिव्याचा मॉइश्चर बॅलन्स (गरम करतच ओलावा दाखवणारा तराजू) असेल तर पॅनमध्ये माल थेट ओतू नका, काचेच्या धाग्यांचं गोल पॅड ठेवून त्यात तो मुरू द्या, कातडी धरत नाही आणि वेळही वाचतो. आणि मध किंवा साधा साखरेचा पाक असेल तर खरं म्हणजे वाळवायच्या भानगडीतच पडू नका, रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) एक थेंब टाका, मिनिटात काम होतं. ज्या मालात सुगंधी तेल आहे त्याचं वजन-घटीवरून काढलेलं उत्तर चुकतंच, कारण तेलही उडतं, तिथे टोल्युइन घालून डीन-स्टार्कवर (वाफ थंड करून पाणी वेगळं साठवणारी काचेची जोडणी) उकळा. टोल्युइन आणि पाणी मिळून ८५ अंशाच्या आसपास उकळतात, पाणी खुणा केलेल्या नळीत खाली साठतं, किती मिली ते सरळ वाचायचं. हीटिंग मँटल वापरा, बर्नर जवळपासही नको.

मालच हवा असेल तर

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पातळ थर. टेफ्लॉनची शीट, सिलिकॉनची मॅट किंवा काचेची प्लेट घ्या आणि १ ते २ मिमीच्या वर थर जाऊ देऊ नका. लोकांना हे ऐकायला सोपं वाटतं पण माल किती बसतो याचा अंदाज नसतो, २० बाय ३० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये १ मिमी थर म्हणजे फक्त ६० मिली. अर्धा लिटर असेल तर आठ-नऊ ट्रे लागतील नाहीतर आठ-नऊ पाळ्या, आणि एवढं करायचा कंटाळा येतो म्हणूनच सगळं एका बीकरमध्ये ओतलं जातं. माल पसरत नसेल इतका घट्ट असेल तर थोडं पाणी किंवा अल्कोहोल घालून पातळ करा आणि मग ओता, जास्तीचं पाणी पातळ थरातून पटकन जातं. ट्रे सपाट ठेवायला विसरू नका, ओव्हनची जाळी तिरकी असेल तर सगळं एका कोपऱ्यात जमतं आणि तो कोपरा आठवडाभर वाळत नाही.

सुरुवात ४०-५० अंशाने करा, पंखा चालू, वरचं भोक उघडं. ते भोक बंद असेल तर वाफ आतच कोंडते आणि ओव्हन गरम असूनही काही वाळत नाही. त्याच ओव्हनमध्ये दुसऱ्या कुणाचा ओला नमुना त्याच वेळी घालू देऊ नका, त्याची वाफ तुमच्या जवळपास वाळलेल्या मालात जाऊन बसते. वरचा भाग धरला की ट्रे बाहेर काढा, पापुद्रा उलटा करा, तोडा, आणि परत ठेवा. ही मधली मोडतोड फार महत्त्वाची आहे, नवीन पृष्ठभाग उघडा पडतो आणि काम परत वेग घेतं. शेवटी खलबत्त्यात कुटून भुकटी करून परत तासा-दोन तासासाठी ठेवायची.

खरवडताना माल गरम असेल तर तो स्पॅच्युलालाच गुंडाळत बसतो. ट्रे आधी डेसिकेटरमध्ये गार होऊ द्या. पदार्थाचं ग्लास ट्रान्झिशन खोलीच्या तापमानाच्या वर असेल तर गार झाल्यावर तो कडकडीत होतो आणि पापुद्रे टकाटक सुटतात. नाही सुटले तर ट्रे हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, स्पॅच्युलाही त्यातच ठेवा, आणि बाहेर काढल्या काढल्या पटापट खरवडा. हवेतलं दव त्यावर बसतं म्हणून खरवडलेलं लगेच बंद बाटलीत, आणि बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. ड्राय आइसबरोबर (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) कुटायची पद्धतही अशीच आहे, उणे ७८ अंशाला जवळपास काहीही ठिसूळ होतं, फक्त खिडक्या उघड्या ठेवा आणि ड्राय आइस पूर्ण उडून जाईपर्यंत बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, नाहीतर बाटली फुटते.

डिंक, वनस्पतींचा बुळबुळीत म्युसिलेज, असल्या मालातून तर वाळवून पाणी काढायच्या नादीच लागू नका. तो पाण्याला इतका धरून ठेवतो की ट्रेमध्ये दिवस जातात आणि वर बुरशी येते. पाण्यातलं द्रावण गाळून घ्या आणि दोन-तीन पट अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनमध्ये बारीक धारेने, ढवळत ओता. पांढरे धागे, गुठळ्या वर येतात, त्या गाळा, परत ताज्या अ‍ॅसिटोनने एक-दोनदा पिळून धुवा, अ‍ॅसिटोन आतलं पाणी खेचून घेतो आणि चिकट गोळ्याचा सुटा, तंतूसारखा माल होतो. फ्यूम हूडखाली पसरून अ‍ॅसिटोनचा वास पूर्ण जाऊ द्या आणि मगच ४०-५० अंशाच्या ओव्हनमध्ये. पॉलिमरचंही हेच. पॉलिस्टायरिन टोल्युइनमध्ये असेल तर ते टोल्युइन उडवत बसण्यापेक्षा दहापट मिथेनॉलमध्ये थेंब थेंब सोडा, भुकटी पडते. उलटं करून मिथेनॉल पॉलिमरमध्ये ओतलंत तर सगळ्याचा एकच रबरी गोळा होतो आणि टोल्युइन त्याच्या पोटात.

फ्रुक्टोजवाला किंवा सेंद्रिय आम्लांनी भरलेला अर्क असेल आणि भुकटीच हवी असेल तर काहीतरी आधार मिसळावाच लागतो. माल्टोडेक्स्ट्रिनचं (स्टार्चपासून केलेली भुकटी) ग्लास ट्रान्झिशन बरंच वर असतं, ते मिसळलं की मिश्रणाचंही वर सरकतं आणि माल कडक होतो. कोलॉइडल सिलिका किंवा मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजही चालतं. पण किती घातलं ते लेबलवर लिहायलाच हवं, नाहीतर पुढचा माणूस अर्क म्हणून अर्धं माल्टोडेक्स्ट्रिनच तोलत बसतो. आणि अर्क पुढे घटक वेगळे करायच्या कॉलमवरच चढवायचा असेल तर वाळवायचा अट्टहास कशाला, सॉल्व्हंटमध्ये विरघळवा, त्यात सिलिका जेल घाला, रोटाव्हॅपवर सुटी भुकटी होईपर्यंत उडवा आणि तीच भुकटी कॉलमवर टाका.

सॉल्व्हंट अडकलाय, जात नाही

पाण्याऐवजी इथिल अ‍ॅसिटेट, टोल्युइन असं काही अडकलं असेल तर प्रश्न तोच, पण धोका जास्त. साध्या ओव्हनमध्ये सॉल्व्हंटने भिजलेला माल कधीही ठेवायचा नाही. आत उघडी कॉइल असते, थर्मोस्टॅटची ठिणगी असते, आणि ईथर तर १६० अंशाच्या आसपास ठिणगीशिवायही पेट घेतो. आधी हूडखाली किंवा रोटाव्हॅपवर काढा. आणि मालात अ‍ॅझाइड, पेरॉक्साइड, परक्लोरेट, नायट्रेट एस्टर असं काही स्फोटक असण्याची शंका जरी असली तरी गरम करणं आणि धातूच्या स्पॅच्युलाने खरवडणं दोन्ही बंद.

रोटाव्हॅपवर एक युक्ती फार उपयोगाची आहे. घट्ट तेलकट माल फ्लास्कच्या तळाशी जमला आणि सॉल्व्हंट सोडत नाही असं झालं की तो थोड्या डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवा. हा ४० अंशाला उकळतो, झटकन जातो. मोठा फ्लास्क घ्या, एक पंचमांशच्या वर भरू नका, जोरात फिरवा म्हणजे काचेवर पातळ फिल्म बसेल, मग व्हॅक्यूम वाढवा. शेवटच्या टप्प्यात माल फुगतो आणि भिंतीवर पांढरट फेस धरून तसाच कडक होतो. हा फेस म्हणजे पोकळ पातळ पडद्यांचा ढीग, अडकलेला सॉल्व्हंट त्यातून सहज निघतो. तो आता पंपावर ठेवा आणि वाळला की फ्लास्कमध्येच मोडून काढा. फेस न धरता परत खाली बसला तर अजून सॉल्व्हंट आहे नाहीतर मालच मऊ जातीचा आहे. फेस वर चढून कंडेन्सरमध्ये जातोय असं वाटलं तर हवा आत सोडायचा कॉक क्षणभर उघडा, लगेच बसतो, म्हणून त्या वेळी हात कॉकवर आणि डोळा फ्लास्कवर हवा. मधे बंप ट्रॅप (उसळलेला माल अडवणारा काचेचा फुगा) लावलेला असेल तर उत्तम.

दुसरा मार्ग म्हणजे एका सॉल्व्हंटला दुसऱ्याच्या पाठीवर बसवून घालवायचं. थोडं पाणी उरलंय तर अल्कोहोल किंवा टोल्युइन घालून परत उडवा, दोन-तीनदा. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि पिरिडीनही टोल्युइनबरोबर जातात. डीएमएफ आणि डीएमएसओ हे जड सॉल्व्हंट, एक १५३ आणि दुसरा १८९ अंशाला उकळतो, ते रोटाव्हॅपवर काढत बसणं म्हणजे शिक्षा आहे, माल पाण्यात विरघळत नसेल तर इथिल अ‍ॅसिटेटमध्ये घेऊन पाण्याने चार-पाचदा धुवा, संपला विषय.

ट्रिच्युरेशनही करून बघा. ज्यात माल विरघळत नाही पण अडकलेला सॉल्व्हंट विरघळतो असं काहीतरी, हेक्सेन किंवा ईथर, थोडंसं घालून काचेच्या कांडीने फ्लास्कच्या भिंतीवर घासत राहायचं. सुरुवातीला नुसता चिखल वाटतो. माल स्फटिक होणाऱ्यातला असेल तर घासता घासता एकदम दाणे धरतात आणि ते वरचं द्रव ओतून टाकलं की सुटी भुकटी उरते. नसेल होत तर हट्ट करू नका.

व्हॅक्यूम आणि डेसिकेटर वापरताना

पाणी किती अंशाला उकळेल ते दाबावर ठरतं, १०० मिलिबारला ४६ अंश, ५० ला ३३. अ‍ॅस्पिरेटर कितीही चांगला असला तरी त्याच्या पाण्याच्या वाफेच्या दाबाखाली जाऊ शकत नाही, नळाचं पाणी २० अंश असेल तर २३ मिलिबार, ३० अंश असेल तर ४२. म्हणजे नळाचं पाणी कोमट असलं की पंप बिघडलाय असं वाटतं, बिघडलेला नसतो, बर्फ घातलेल्या टाकीतलं पाणी फिरवलं की सुधारतो. पंप आणि ओव्हन यांच्यामध्ये कोल्ड ट्रॅप (वाफ थिजवून अडवणारं थंड भांडं) हवाच, बर्फ-मीठ तरी.

व्हॅक्यूम ओव्हनमध्ये एक गोष्ट सहज विसरली जाते. आत हवा जवळजवळ नसतेच, त्यामुळे उष्णता पोहोचते ती मुख्यतः शेल्फला टेकलेल्या तळातून. डिशखाली कागद किंवा बूच ठेवलंत, की डिस्प्ले ७० दाखवतो आणि माल ४० ला बसलेला असतो. डिश सपाट तळाची, थेट शेल्फवर. आणि व्हॅक्यूम एकदम ओढायचा नाही, ४०० मिलिबार, मग २००, मग १००, प्रत्येक टप्प्यावर फेस बसू द्यायचा. एकदम ओढला तर सगळा माल उतू जाऊन ओव्हनच्या छताला लागतो, आणि ते साफ करणं हा वेगळाच उद्योग. शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह किंचित उघडून सिलिका जेलमधून गाळलेली कोरडी हवा बारीक आत येऊ दिली तर ती साठलेली वाफ बाहेर ढकलते, पूर्ण बंद ठेवण्यापेक्षा माल लवकर वाळतो.

डेसिकेटरमध्ये काय भरायचं ते काय काढायचंय त्यावर ठरतं. पाण्याला सिलिका जेल पुरतं, नारिंगी ते हिरवं होणारं घ्या, निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते टाळलेलं बरं. रंग बदलला की ११०-१२० अंशाला परत भाजून वापरा. मॉलिक्युलर सिव्ह त्याहून जोरात ओढते पण तिला २५० च्या वर भाजावं लागतं. फॉस्फरस पेंटॉक्साइड सगळ्यात कडक खरा, पण त्याच्यावर लवकरच सिरपसारखा थर चढतो आणि आतली भुकटी निकामी होते, वर तो पाण्यात टाकायचा म्हणजे भडका, रोजच्या कामाला नकोच. अ‍ॅसिडची वाफ येत असेल तर कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या दुसऱ्या वाटीत. आणि हेक्सेन, टोल्युइनचे शेवटचे अंश जात नसतील तर वाटीत पॅराफिन मेणाचे कात्रण ठेवा, मेण हे सॉल्व्हंट शोषून घेतं, जुनी आणि फुकटात पडणारी युक्ती आहे.

व्हॅक्यूम डेसिकेटरवर बारीक तडा असेल तर तो व्हॅक्यूमला वापरायचाच नाही, आणि चांगला असला तरी बाहेरून चिकटपट्टी किंवा जाळी हवी, फुटला तर काच आत ओढली जाऊन मग चहूकडे उडते. हवा परत आत सोडताना कॉक अगदी हळू, आणि आतल्या नळीच्या तोंडापाशी गाळणकागदाचा तुकडा, नाहीतर एवढी मेहनत करून केलेली भुकटी सगळी डेसिकेटरभर.

गाळ, चिखल, मातीचा लगदा

यात साखर-बिखर नसते म्हणून १०५ अंश चालतो, पण कातडी धरायचा त्रास तोच. पातळ पसरा, अर्धवट वाळल्यावर फोडा, परत ठेवा. जेलीसारखा गाळ असेल, विशेषतः तुरटीने बसवलेला, तर आधी फ्रीझरमध्ये पूर्ण गोठवा आणि मग वितळू द्या. गोठताना बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांत दाबतात आणि वितळल्यावर पाणी वेगळं सुटतं, कण कॉफीच्या चोथ्यासारखे खाली बसतात, वरचं पाणी ओतून टाकलं की अर्ध्याहून जास्त काम ओव्हनच्या आधीच झालेलं असतं. गोठवणं मात्र सावकाश होऊ द्या, अर्धवट गोठवून काढलंत तर मधला भाग जेलीच राहतो.

झालं का ते ठरवणं, आणि ठेवणं

मालाच्या बाबतीतही निकष तोच, दोन लागोपाठची वजनं. पण व्हॅक्यूमवर चार तासांत वजन हललं नाही म्हणजे झालंच असं नाही, कातडीखाली अडकलेलं पाणी हलतच नाही आणि वजन स्थिर दिसतं. म्हणून एकदा वजन स्थिर आलं की माल कुटा आणि परत वाळवा. कुटल्यावर वजन परत घसरलं तर आधीचं स्थिर वजन खोटं होतं. सॉल्व्हंट उरलाय का ते बघायला बाहेरून एनएमआर (रेणू ओळखायची यंत्रावरची तपासणी) करून मिळत असेल तर फार उत्तम, इथिल अ‍ॅसिटेट, टोल्युइन लगेच ओळखू येतात. नाहीतर वजनावरच भरवसा, वासावर अजिबात नाही.

वाळलेला अर्क हवेतलं पाणी किती झपाट्याने ओढतो ते तराजूवरच दिसतं, भुकटी पॅनवर उघडी ठेवा आणि शेवटचे आकडे वर चढताना बघा. म्हणून वजन झाकणवाल्या बाटलीत करा, रोज लागेल तेवढा माल छोट्या छोट्या बाटल्यांत आधीच वाटून ठेवा म्हणजे मोठी बाटली सारखी उघडावी लागत नाही, झाकणावर पॅराफिल्म, बाटल्या सिलिका जेलच्या डब्यात, आणि लेबलवर तारीख, कोणत्या तापमानाला आणि दाबाला वाळवलं, शेवटची दोन वजनं, आणि काही मिसळलं असेल तर त्याचं प्रमाण.